नमुन्यांबरोबर तूही जा

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप (एसईएम) नाही. दुसऱ्या एका विद्यापीठाने बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांचा स्लॉट दिला आहे. गाइड म्हणतात, पावडरचे नमुने कुरियर कर, फोटो ईमेलवर येतील. मी स्वतः जाऊन काय मिळेल? शिवाय परक्या लॅबमध्ये पाहुण्यासारखं वावरायला संकोच वाटतो.

उत्तर : जा, आणि संकोच आधी काढून टाक. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या प्रचंड यंत्रावर) काम करण्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात. तज्ज्ञांच्या समितीने तो निवडला, की त्यांना ठरावीक तास मिळतात. मोठी यंत्रं अशीच वाटून वापरली जातात.

आता फोटोचं. एसईएम नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून चित्र काढतो. तुझी पावडर वीजवाहक नसेल तर तिच्यावर इलेक्ट्रॉन साचतात आणि चित्रात पांढरे फटक पट्टे उमटतात; यालाच चार्जिंग म्हणतात. म्हणून नमुन्यावर सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर देतात. तो जाड झाला तर तुला हवे असलेले बारीक तपशीलच झाकले जातात. झोताचं व्होल्टेज वाढवलं तर इलेक्ट्रॉन खोल शिरतात आणि पृष्ठभाग पुसट दिसतो. हे निर्णय यंत्रापाशी बसून घेतले जातात. तू तिथे नसशील तर ते दुसरं कुणीतरी घेईल, आणि तोंडी परीक्षेत 'हा कण की चार्जिंग?' असं विचारल्यावर तुझ्याकडे उत्तर नसेल. असे गप्प झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं, कारण त्यांनी मेहनत खरोखर केलेली असते.

दोन दिवसांत यंत्र तुझ्या हाती देतील असं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ऑपरेटरच्या शेजारी बस. वर्षानुवर्षं ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं, ते पुस्तकात सापडत नाही. प्रत्येक चित्रासोबत व्होल्टेज, वर्किंग डिस्टन्स (भिंगापासून नमुन्याचं अंतर) आणि कोणता डिटेक्टर वापरला ते वहीत लिही, मूळ फाइल्स स्वतः घेऊन ये. हे काम आवडलं तर लक्षात असू दे, अशी उपकरणं सांभाळणं हे स्वतंत्र करिअर आहे आणि रसायनशास्त्राची चांगली जाण असलेली माणसं तिथे लागतात.

नमुने मात्र पूर्ण कोरडे हवेत, कारण आत निर्वात असतं. ओलसर पावडर बहुतेक दारातूनच परत येते. किती ग्रॅम लागेल, कोटिंग तिथे होतं का, हे आजच ऑपरेटरला लिहून विचार.