सोनेतारणाची पिशवी आणि आधारची झेरॉक्स

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. बँकेच्या संचालक मंडळावर निवडून आलीस, फार बरं वाटलं. पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘ग्राहकांची माहिती व सुरक्षा’ तेराव्या क्रमांकावर आहे म्हणतेस. म्हणजे चहा येईल, कुणीतरी ‘आयटीवाले बघतील’ म्हणेल आणि विषय संपेल. तो वर घ्यायला लाव.

त्याआधी एकदा शाखेत उभी राहून सोनेतारण बघ. सराफ दागिना तपासतो, वजन होतं, पिशवीला सील लागतं, रजिस्टरला नोंद होते, किल्ल्या दोघांकडे. कर्ज फिटलं की दागिना परत. आता त्याच ग्राहकाचं आधार कार्ड कुठे जातं ते बघ. झेरॉक्स फाइलला, फोटो कारकुनाच्या मोबाइलात, तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर. आमच्या बँकेत तर जामीनदारांचे जुने अर्ज पाठकोरे म्हणून काउंटरवर चिठ्ठ्यांना वापरत. काटकसरीचं कौतुक व्हायचं. मीही गप्प बसलो. जामीनदाराने तर कर्जही घेतलेलं नसतं!

ग्राहकांच्या माहितीच्या रक्षणाचा २०२३चा कायदा (डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा) डिजिटल माहितीपुरता आहे. झेरॉक्सचा गठ्ठा त्यात येत नाही, पण स्कॅन केलात की आला. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. सॉफ्टवेअर कंपनीकडे बोट दाखवून सुटका नाही. करारात काहीही लिहिलेलं असो, जबाबदारी बँकेची.

कागद लगेच फाडताही येत नाहीत. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याप्रमाणे खातं बंद झाल्यावर केवायसी ५ वर्षं ठेवावी लागते. ठेवायचं सगळ्यांना ठाऊक असतं. सहाव्या वर्षी ते काढायचं कुणी, हे विचार. ‘विभाग’ असं उत्तर आलं तर ऐकून घेऊ नकोस, माणसाचं नाव इतिवृत्तात लिहून घे.

दुसरा प्रश्न शनिवारचा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८, शनिवार होता. त्या दिवशी आणि सोमवारी मिळून ९४ कोटी गेले, तिजोरीला हातही न लावता. अशी घटना कळल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवावं लागतं. तुमच्याकडे शनिवारी दुपारी फोन कोण उचलतो? सभेतच लावून बघा.

अध्यक्ष थोडे नाराज होतील. होऊ देत. निवडणुकीत पॅनेलचा माणूस म्हणून मिरवणं वेगळं आणि सभासदांचा विश्वस्त म्हणून बसणं वेगळं, हे त्यांनाही कळतं.

आणि हो, त्या ग्रुपवर तुलाही घेतलंय म्हणालीस ना? मग ग्राहकांचे फोटो तुझ्याही मोबाइलात उतरत असणार. सभेला निघण्याआधी गॅलरी उघडून बघ.

तुझा,
काका