एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जपानमध्ये साकुरा (चेरीचा बहर) बघायला मिळेल का?

प्रश्न: आई-बाबांना घेऊन ८ ते १६ एप्रिल तोक्यो आणि क्योतोला जातोय. तिकिटं काढून झाली आणि आता सगळे म्हणतात उशीर झाला. साकुरा दिसेल का? कुठे जावं?

उत्तर: दिसेल. फक्त फोटोत पाहिलेली ठिकाणं डोक्यातून काढा.

मी तोक्योत निशी-कासाईला राहते. माझी आई आली तेव्हा मीही अशीच बेधडक तिकिटं काढली होती. दुसऱ्याच दिवशी तिला हौसेने चिदोरिगाफुचीला नेलं. तिथे राजवाड्याच्या खंदकावर बहरलेल्या फांद्या झुकलेल्या असतात आणि खालून लोक होड्या वल्हवत जातात. आम्ही पोचलो तेव्हा वर कोवळी पानं आणि पाण्यावर पाकळ्यांची साय. आई म्हणाली, "एवढ्या लांब येऊन झाडंच बघायची होती का गं?"

झालं असं, की तोक्योतली बहुतेक झाडं सोमेई योशिनो या एकाच जातीची. तीही कलमी, म्हणून एका भागातली सगळी जवळजवळ एकदम फुलतात आणि एकदम गळतात. पहिली फुलं दिसल्यापासून ऐन बहराला साधारण आठवडा लागतो. पुढे एखादा वाऱ्यापावसाचा दिवस आला की संपलं. यासुकुनी मंदिराच्या आवारात नमुन्याचं एक झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं तोक्योत साकुरा फुलल्याचं जाहीर करतं. फुलं मोजणारा तो अधिकारी आणि त्याच्याभोवती दाटलेले टीव्हीवाले, ही एक वेगळीच गंमत असते. बहुतेक वर्षी हे मार्चच्या उत्तरार्धातच उरकतं.

म्हणून तुम्ही उशिरा फुलणाऱ्या जाती गाठा. तोक्योत शिंजुकु ग्योएन ही बाग. तिकीट ५०० येन, ६५ आणि त्यापुढच्या वयाच्यांना निम्मं, तेव्हा आई-बाबांचे पासपोर्ट जवळ ठेवा. गर्दीच्या काही दिवसांना आधी नोंदणी लागते, तेवढं साइटवर बघून घ्या. इथली इचियो आणि कांझान ही दुहेरी पाकळ्यांची झाडं एप्रिलच्या मध्याकडे भरात येतात. कांझानचं फूल चांगलं गच्च गुलाबी, पाकळ्यांवर पाकळ्या. आईला ते इतकं आवडलं की देवासाठी एक घ्यावं म्हणून तिचा हात फांदीकडे गेला. शेजारच्या आजोबांनी हसून हातानेच 'नको' म्हटलं. मग तिने खाली पडलेली चार फुलं रुमालात बांधून आणली.

क्योतोत निन्नाजी मंदिरात जा. तिथला ओमुरो साकुरा उशिरा फुलतो आणि झाडं बुटकी, त्यामुळे फुलं थेट नाकासमोर. मान वर करकरून बघायला नको, वयस्कर माणसांना फार सोयीचं. पाय धड असतील तर नाराजवळचा योशिनो डोंगरही आहे. तिथे बहर पायथ्यापासून वर चढत जातो, खालचा संपला तरी वरच्या ओकु-सेनबोनला सापडू शकतो. पण चढ आहे, आमच्या आईच्या गुडघ्यांनी नकार दिला.

तोक्योतल्या मेगुरो नदीकाठच्या साकुराचा मोह सोडा. बहरात मुंगीच्या पावलाने चालावं लागतं आणि तुमच्या तारखांना बहुधा बहर ओसरलेला असेल.

स्वेटर मात्र न्या. दुपारी ऊन असलं तरी संध्याकाळी गारठा येतो. ऐन फुलांच्या दिवसांतल्या या थंडीला इथे 'हानाबिए' असा खास शब्दच आहे. बागेत बसायला प्लॅस्टिकची चटई घ्या, तिच्यावर चपला काढूनच बसतात. आईला हे एकदम पटलं, सत्यनारायणाच्या सतरंजीसारखं. शिंजुकु ग्योएनमध्ये दारू चालत नाही, डबा चालतो.

आणि साकुरामोची ही पानात गुंडाळलेली मिठाई खाल तेव्हा वरचं पान फेकू नका. आईने पातोळीचं हळदीचं पान काढावं तसं ते सोलून बाजूला ठेवलं होतं. ते चेरीचंच खारवलेलं पान असतं, आतल्या गोडाबरोबर खायचं.