मुलाच्या जागेवर बसून बघ

प्रिय मित्रा,

मुलांच्या चित्रांचे साठ कागद तपासायला समोर आहेत आणि गुण कशाबद्दल द्यायचे ते सुचत नाही, असं तू लिहिलंस. पहिल्या वर्षी मी सफाईला द्यायचो. रंग रेषेबाहेर गेला नाही? घे आठ. मग निम्मा वर्ग दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि कडेला नारळ काढून मोकळा व्हायचा. आमच्या विदर्भातल्या त्या गावात नारळाचं झाड औषधालाही नव्हतं!

एकदा वस्तुचित्राला नुसता पेला मांड, स्टुलावर, मधोमध. मुलं भोवती बसली की प्रत्येकाला वेगळा पेला दिसतो. बहुतेक जण तोंड लंबगोल काढतील आणि तळ पट्टीनं आखल्यासारखा सपाट. पेला स्टुलावर सपाट टेकलाय हे त्यांना ठाऊक असतं ना, म्हणून. खरं तर वरून बघताना तळाची कड तोंडापेक्षा जास्त गोलाईनं दिसते. ज्या दिवशी मूल तळ वाकवतं, त्या दिवशी ते बघायला लागलं. पण किती वाकवायला हवा होता, हे तुला तुझ्या खुर्चीतून कळणार नाही. कागद घेऊन त्याच्या जागेवर जा, डोळा त्याच्या उंचीला आण आणि मग गुण दे. साठांचं एका तासात होत नाही, दहा-दहा घे.

स्मरणचित्राची तऱ्हा आणखी न्यारी. इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेतल्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकांची घाई, म्हणून आपलीही. फुगेवाला पाठ करून घेतला की तोच बाजारात, तोच जत्रेत, तोच बसथांब्यावर उभा राहतो. पाहिलेलं आठवावं म्हणून ठेवलेला विषय, आणि आपण चित्रच घोकून घेतो. मी पुढे मधल्या सुट्टीत मुलांना नळापाशी नुसतं उभं करायचो, पेन्सिलीशिवाय. चित्र दुसऱ्या दिवशी. तपासताना एकच विचारायचं: पाणी पिणाऱ्याचा दुसरा हात कुठे होता? ज्याला सांगता येईल, त्याचं माणूस बेढब असलं तरी चालेल.

कागदपत्रांची धास्ती घेऊ नकोस. २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा पहिली ते आठवीपर्यंत कला विषय पूर्ण आकारिकवर, म्हणजे वर्षभर वर्गात बघून केलेल्या नोंदींवर ठेवला; संकलित, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा नाही. एवढी मोकळीक गणिताच्या गुरुजींना कुठली! आणि आपण काय करतो, वर्षाअखेरीस नोंदवहीत साठही नावांपुढे ‘चित्रे सुंदर काढतो’ लिहितो. त्याऐवजी ‘जुलैत तळ सपाट, सप्टेंबरात वाकवला’ एवढंच लिही. त्यासाठी प्रत्येक कागदामागे तारीख हवी आणि फसलेले कागदही जपायला हवेत. आणि हो, पहिले दोन महिने खोडरबर दप्तरातच राहू दे. खोडलेलं दिसत नाही, मग तपासणार काय?

मुलाच्या कागदावर तुझी पेन्सिल मात्र चालवू नकोस. मी एका पोराचा घोडा ‘दुरुस्त’ करून दिला होता. चांगला झाला. पुढे वर्षभर तो प्रत्येक चित्र अर्धं करून माझ्यापुढे आणून ठेवायचा, ‘सर, आता तुम्ही’ म्हणत. सांगायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर काढून दाखव आणि ते फाडून टाक.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा दहा-बारा कागद घेऊन ये. निवडून आणू नकोस, गठ्ठ्यातले वरचे उचल.

तुझा,
सर