घरासाठीचे १,८०,००० युरो : आधी कोणाच्या नावावर, मग किती टक्क्यांनी

प्रश्न : आम्ही नवराबायको म्युनिकला नोकरी करतो. दोन वर्षांत घर घ्यायचं म्हणून साठवलेले १,८०,००० युरो एका जर्मन बँकेच्या टागेसगेल्ड खात्यात (केव्हाही पैसे काढता येणारं व्याजाचं खातं), माझ्या एकट्याच्या नावावर आहेत. व्याज २ टक्के. ठेवींच्या एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर एस्टोनियातली एक बँक दोन वर्षांच्या फेस्टगेल्डला, म्हणजे मुदत ठेवीला, २.६ टक्के देते. आमच्या बँकेतला सल्लागार म्हणतो की बँकेचाच ५ टक्क्यांचा रोखा घ्या. किमान रक्कम ५०,००० युरो, आणि पत्रकात ‘नाखरांगिग’ असं लिहिलंय. काय करावं?

उत्तर : तुमची बँक उद्या बुडाली, तर कायद्याच्या हमीतून तुम्हाला १,००,००० युरो मिळतील. सात कामकाजाच्या दिवसांत मिळतील, म्हणजे व्यवस्था चांगली आहे. वरच्या ८०,००० ना मात्र ती हमी लागू नाही. जर्मनीतल्या खासगी बँकांचा एक स्वेच्छा निधी असतो आणि २०२१ मध्ये ब्रेमेनची ग्रीनसिल बँक बुडाली तेव्हा त्याने सामान्य ठेवीदारांचे एक लाखावरचे पैसेही भरून दिले. पण त्याच बँकेत पैसे ठेवलेल्या नगरपालिका हात चोळत बसल्या, कारण निधीच्या नियमांतून त्यांना आधीच वगळलं होतं. असे नियम बदलू शकतात, म्हणून हिशेब कायद्याच्या एक लाखावरच करावा.

म्हणून पहिलं काम व्याजदराशी संबंधित नाही. दोघांच्या नावावर संयुक्त खातं उघडा. हमी प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत वेगळी असते, त्यामुळे संयुक्त खात्यात दोघांची मिळून दोन लाख होते. खर्च शून्य. बहुतेक बँका जुन्या खात्यात नाव घालत नाहीत. नवं खातं उघडावं लागतं आणि दोघांचीही ओळख पडताळणी होते. निम्मी रक्कम पत्नीच्या नावे गेली की जर्मन कायद्यात ती भेट ठरू शकते, पण पतीपत्नींमध्ये दहा वर्षांत पाच लाख युरोंपर्यंतच्या भेटीला कर नाही. व्याजावरच्या करसवलतीचा अर्जही संयुक्त भरा. दोघांचे मिळून वर्षाला २,००० युरो व्याज करमुक्त राहतं.

इथे एक खाच आहे. संयुक्त खात्यातला तुमचा अर्धा वाटा आणि त्याच बँकेतली तुमची इतर खाती एकत्र मोजली जातात. १,८०,००० वर २ टक्क्यांनी दोन वर्षांनी १,८७,२७२ होतात, म्हणजे तुमचा वाटा ९३,६३६. पगार त्याच बँकेत येत असेल आणि तिथे दहा हजार पडून असतील, तर तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. मर्यादेत मुद्दलाबरोबर त्या तारखेपर्यंतचं व्याजही धरतात, हे लोक विसरतात. २.६ टक्क्यांनी ९५,००० ठेवले, तर चक्रवाढीने दोन वर्षांनी १,००,००४ होतात. चारच युरो, पण हमीच्या बाहेर.

बँक दरवर्षी एक पान पाठवते, आइनलेगरइन्फॉर्मात्सिओन्सबोगन. नाव वाचूनच लोक ते बाजूला टाकतात. त्यात दोन गोष्टी पाहा : ठेवींना संरक्षण कोण देतं, आणि बँक आणखी कोणत्या नावांनी धंदा करते. एकाच परवान्यावर दोन ब्रँड असतील, तर दोन्हीकडच्या ठेवी मिळून एकच लाख.

आता एस्टोनिया. युरोपीय संघात हमीची रक्कम सगळीकडे सारखी असली, तरी निधी ज्या त्या देशाचा. संपूर्ण युरोपसाठी एकच ठेव विमा असावा हा प्रस्ताव २०१५ पासून अडकला आहे. प्रत्येक देशाच्या निधीत संरक्षित ठेवींच्या ०.८ टक्के रक्कम जुलै २०२४ पर्यंत जमा व्हावी, असं लक्ष्य होतं. म्हणजे तुमच्या लाखामागे साधारण ८०० युरो. एखादी लहान बँक पडली तर एवढं पुरतं. देशातली मोठी बँक पडली तर सरकारच्या ताकदीचा प्रश्न येतो. २००८ मध्ये बुडालेल्या आइसलँडच्या लांड्सबांकी या बँकेने शाखेमार्फत ब्रिटन आणि नेदरलँड्समधून ‘आइससेव्ह’ या नावाने ठेवी गोळा केल्या होत्या. शाखेची हमी मूळ देशाची असते, आणि त्या देशाचा निधी अपुरा पडला. ठेवीदारांचे पैसे शेवटी ब्रिटिश आणि डच सरकारांनी दिले. एस्टोनिया म्हणजे तेव्हाचा आइसलँड, असं मी म्हणत नाही. पण जादा जोखमीचा मोबदला किती, ते बघू. समजा ६०,००० युरो तिकडे ठेवले, तर ०.६ टक्के जादा व्याज म्हणजे वर्षाला ३६०. २६.३७५ टक्के कर वजा जाता २६५. परदेशी बँक जर्मन कर कापत नाही, तो विवरणपत्रात आनलागे काप (व्याजासारख्या उत्पन्नाचं परिशिष्ट) भरून तुम्हीच दाखवायचा.

२६५ युरो वाईट नाहीत, पण फेस्टगेल्ड सहसा मध्येच मोडता येत नाही. घर पसंत पडलं, नोटरीकडे सह्या झाल्या, की पैसे भरण्याची सूचना येते आणि हातात साधारण दोन आठवडे असतात. ‘दोन वर्षांत’ म्हणजे पुढच्या मार्चमध्येही असू शकतं. ठेवायचेच असतील तर ६०,००० पर्यंत, आणि एक वर्षासाठी. दोन वर्षांसाठी नको.

रोख्याबाबत माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. जर्मनमध्ये ‘नाख’ म्हणजे नंतर आणि ‘रांग’ म्हणजे क्रम. मराठी रांगेसारखंच समजा, तुम्ही शेवटी उभे. ही ठेव नाही, ठेव हमी तिला लागू नाही, आणि बँक अडचणीत आली की युरोपीय कायद्याने भागधारकांनंतर लगेच अशाच रोख्यांवर कात्री चालते. जून २०१७ मध्ये स्पेनची बांको पॉप्युलार एका रात्रीत सांतांदेरला एका युरोला विकली गेली. ठेवीदारांना धक्का लागला नाही, अशा दुय्यम, म्हणजे नाखरांगिग, रोख्यांच्या धारकांना शून्य मिळालं.

‘किमान ५०,०००’ वाचून ही मोठ्या गिऱ्हाइकांसाठीची खास योजना वाटते. उलट आहे. २०१९ मध्ये युरोपीय संघाने नियम बदलून देशांना पर्याय दिला : पाच लाख युरोंपर्यंत गुंतवणूक असलेल्या सामान्य गुंतवणूकदाराला असे रोखे त्याच्या गुंतवणुकीच्या १० टक्क्यांपर्यंतच विका, नाहीतर नग किमान ५०,००० चा ठेवा. लहान गुंतवणूकदार त्यात शिरू नये म्हणून घातलेलं ते कुंपण आहे. तुमच्यासाठी ५०,००० म्हणजे सगळ्या बचतीच्या जवळपास २८ टक्के. सल्लागार आग्रह करत राहिला तर त्याला ‘गेआइग्नेटहाइट्सएर्क्लेरुंग’ लेखी मागा. हा रोखा तुम्हाला का योग्य, हे त्याने सौद्याआधी त्यात लिहून द्यायचं असतं. ‘पैसे दोन वर्षांत घरासाठी लागणार, तोटा चालणार नाही’ हे वाक्य त्यात घालायला सांगा. बहुधा विषय तिथेच मिटेल.

भारतात युरोतलीच एफसीएनआर ठेव (अनिवासी भारतीयांची परकीय चलनातली मुदत ठेव) ठेवावी का, हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. तिथलं व्याज भारतात करमुक्त आहे, जर्मनीत तुम्ही रहिवासी असल्याने करपात्र. आणि भारतातला ठेव विमा प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंतच. पीएमसी बँकेच्या वेळी मुंबईकरांनी काय सोसलं ते आठवा.

पैसे हलवण्याआधी बँकेतली रोजची हस्तांतर मर्यादा वाढवून घ्या. प्लॅटफॉर्मचं किंवा बँकेचं नाव आधी बाफिन या जर्मन वित्तीय नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा, कारण खऱ्या बँकांची नावं वापरून फेस्टगेल्डच्या बनावट जाहिराती चालतात. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) आणि खातेदाराचं नाव जुळतं का हे पैसे पाठवण्यापूर्वी फुकट दाखवावं लागतं. नाव जुळत नाही असं आलं, किंवा एस्टोनियन ठेवीसाठी कारण न सांगता भलत्याच देशाचा आयबॅन दिला, तर तिथेच थांबा. सगळं जुळलं तरी पहिल्यांदा १० युरो पाठवा आणि ते नव्या खात्यात दिसल्यावरच बाकीचे.