'प्रिव्हिलेज'ला 'विशेषाधिकार' म्हणावं का?

विचारणा अशी आहे : अमेरिकी शहरांतल्या वंशभेदावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात 'व्हाइट प्रिव्हिलेज'साठी 'गोऱ्यांचा विशेषाधिकार' आणि 'म्युच्युअल रिस्पॉन्सिबिलिटी'साठी 'परस्पर जबाबदारी' असं लिहिलं तर चालेल का?

'विशेषाधिकार' इथे नको. मराठीत हा कायद्याचा शब्द आहे. विधिमंडळाला विशेषाधिकार असतात, म्हणून हक्कभंगाचा प्रस्ताव येतो. माजी संस्थानिकांना होते, ते १९७१च्या घटनादुरुस्तीने गेले. ज्याच्याकडे असतो, त्याला तो पुरता ठाऊक असतो. लेखातला प्रिव्हिलेज, म्हणजे निव्वळ गोरं असल्यामुळे मिळणारं झुकतं माप, मात्र ज्याला मिळतो त्यालाच बहुधा दिसत नाही.

डेट्रॉइटचं उदाहरण घ्या. तिथे एट माइल रस्त्याजवळ १९४१ साली एका बिल्डरने सहा फूट उंच आणि जवळजवळ अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत बांधली. पलीकडे कृष्णवर्णीयांची वस्ती होती आणि अलीकडे त्याला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. घरकर्जाला सरकारी हमी देणारी फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन त्या वस्तीला खेटून असलेल्या घरांना हमी देईना. भिंत उभी राहिली आणि हमी मिळाली. भिंत आजही आहे, तिच्या काही भागावर आता चित्रं रंगवली आहेत.

अशी हमी असली की थोडकी रक्कम आधी भरून, वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांनी घर होई आणि पुढे ते मुलांकडे जाई. त्या घरातला मुलगा म्हणेल, वडिलांनी घाम गाळून घर केलं. ते खरंच आहे, हप्ते त्यांनीच फेडले. पण घाम पलीकडच्यानेही गाळला होता, त्याला बँकेने दारात उभं केलं नाही. १९६८च्या फेअर हाउसिंग अॅक्टने असा भेद बेकायदा ठरवला, तोवर एक अख्खी पिढी गेली होती.

म्हणून 'आयता लाभ'ही मला पटत नाही. 'आयता' म्हटलं की आयत्या बिळावरचा नागोबा आठवतो आणि हप्ते फेडणाऱ्यावर अन्याय होतो. 'फायदा' म्हणावं तर तो 'घेतला' जातो, त्यात हेतू येतो. 'लाभ' बरा. 'लाभणे' हे क्रियापद पाहा : वारसा लाभतो, चांगले शेजारी लाभतात. न मागता वाट्याला येणं त्यात बरोबर बसतं. तेव्हा 'गोरेपणाचा लाभ' लिहा.

जिथे विषय घरकर्जाचा असेल तिथे मात्र मी सरळ 'सरकारी सवलत' लिहीन. आपल्याकडे 'सवलत' म्हटलं की लोकांना राखीव जागाच आठवतात. 'सवलती घेणारे' हा टोमणा दलित मुलांनी वर्गावर्गांत ऐकला आहे, आजही ऐकतात. सरकारच्या सवलतीवर गोऱ्यांची उपनगरं उभी राहिली, हे त्याच शब्दात वाचून मराठी वाचक अडखळला तर अडखळू द्या. शब्द अचूक आहे.

आता 'परस्पर जबाबदारी'. 'परस्पर'चा बोलीतला अर्थ वेगळाच : 'परस्पर जमीन विकली', म्हणजे न विचारता. शिवाय 'जबाबदार'मध्ये दोष येतो, जसं अपघाताला जबाबदार. गोरा वाचक लगेच म्हणेल, भिंत मी कुठे बांधली? त्यापेक्षा 'देणं लागणं' हा आपला रोजचा प्रयोग घ्या. कर्ज वडिलांनी काढलेलं असलं तरी देणं मुलगा लागतो, आणि देणं दोघांकडून सारखंच असावं असंही नाही. 'एका शहरात राहणारे आपण एकमेकांचं देणं लागतो, आणि कुणाकडून किती हे त्या शहराच्या इतिहासावरून ठरतं', अशी वाक्यरचना सुचवतो.

'रेशल'साठी 'वांशिक'च ठेवा. 'वर्णीय' केलंत तर मध्येच चातुर्वर्ण्य येऊन उभं राहील.