जुना दगडी क्रूस धुवावा का?

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो असता ग्लॉस्टरशायरमधील खेड्यांत चर्चच्या आवारातील मध्ययुगीन दगडी क्रूस पाहिले. कित्येकांचे माथे नाहीत, अंगभर दगडफूल चढलेले, तरी त्यांना कोणी घासूनपुसून लख्ख करत नाही. इकडे आमच्या दफनभूमीतील वालुकाश्माचा जुना क्रूस ॲसिडने धुऊन सिमेंटने सांधण्याचे घाटते आहे. योग्य काय?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : माथे गेले ते ऊनपावसापेक्षा माणसांच्या हातून. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४३ मध्ये मूर्तिपूजेच्या खुणा म्हणून चर्चच्या आवारांतलेही क्रूस काढून टाकण्याचा हुकूम दिला. अनेक ठिकाणी आज पायऱ्या, बैठक आणि खांबाचा बुंधा एवढेच उरले आहे. ॲम्प्नी क्रूसिस गावातील कोरीव माथा चर्चच्या भिंतीत चिणलेला होता, म्हणून वाचला. तो एकोणिसाव्या शतकात सापडल्यावर पुन्हा खांबावर बसवला गेला. स्कॉटलंडमधील रथवेलचा आठव्या शतकातील क्रूसही असाच फोडला गेला होता. हेन्री डंकन या पाळकांनी त्याचे तुकडे जोडून १८२३ मध्ये तो उभा केला आणि १८८७ मध्ये तो चर्चच्या आत हलवण्यात आला. मात्र हरवलेले आडवे दगड डंकन यांनी स्वतःच्या कल्पनेने नवे घडवून घेतले, आणि अशी उत्साही दुरुस्ती आजचे जाणकार करणार नाहीत.

आता तुमच्या क्रूसाविषयी. दगडफुलाखाली दगडाचा वरचा थर अनेकदा सैल झालेला असतो. तारेचा ब्रश फिरवला की दगडफुलाबरोबर कोरलेल्या अक्षरांची धारही निघून येते. वालुकाश्मातील वाळूचे कण काही वेळा चुनखडीने बांधलेले असतात आणि ती ॲसिडमध्ये विरघळते. शिवाय मागे राहिलेले क्षार सुकताना स्फटिक बनून दगड आतून फोडतात. सिमेंट दगडाहून कठीण आणि कमी झिरपणारे असल्यामुळे आतली ओल सांध्यातून बाहेर पडण्याऐवजी दगडातूनच पडते, सांधा शाबूत राहतो आणि त्याच्या कडेचा दगड झडतो. म्हणून दरजा चुन्यानेच भरून घ्याव्यात. जुन्या दुरुस्तीत लोखंडी सळई घातलेली असल्यास तीही तपासून घ्यावी, कारण गंजून फुगलेले लोखंड दगडाला उभी चीर पाडते.

आयर्लंडमधील क्लोनमॅकनॉइस येथे मूळ क्रूस छपराखाली नेऊन बाहेर प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. तुमच्याकडे इतक्याची गरज दिसत नाही. काम सुरू होण्याआधी चारी बाजूंची, तिरप्या उन्हातली छायाचित्रे काढून ठेवावीत आणि ॲसिडचा बेत मात्र आजच रद्द करावा.