लॉगिंग मल्टिमीटर की डेटालॉगर?

अरे, घाई करून डेटालॉगर (ठरावीक वेळाने अनेक मापं आपोआप नोंदवून ठेवणारं यंत्र) घेऊ नकोस. आधी ठरव, मोजायचंय काय आणि किती दिवस. सोलरच्या बॅटरीचा व्होल्टेज रात्रभर कसा उतरतो एवढंच बघायचं असेल तर लॉगिंग मल्टिमीटर, म्हणजे मोजलेलं साठवूनही ठेवणारा मीटर, भरपूर झाला. फक्त लावताना ऑटो पॉवर ऑफ (मीटर थोड्या वेळाने आपोआप बंद होण्याची सोय) बंद कर आणि सेल नवा घाल. मी एकदा जुन्याच ९ व्होल्टच्या सेलवर मीटर विहिरीवर सोडून आलो. सकाळी स्क्रीन कोरी, नोंदी पहाटेपर्यंतच्याच. वर मुंग्यांनी डब्यात घर केलेलं, ते वेगळंच!

शेतातल्या थ्री फेज मोटरचं मात्र वेगळं. तिन्ही फेज एकाच वेळी दिसायला हवेत, मल्टिमीटरला चॅनल (माप घ्यायची वाट) एकच. तिथे डेटालॉगरच. पण साध्या लॉगरचं इनपुट बहुधा १० व्होल्टच्या आसपासचं असतं. ४१५ व्होल्टची वायर थेट जोडलीस तर लॉगर तर जाईलच, तुझ्याही जिवाशी खेळ. मध्ये योग्य ट्रान्सड्यूसर (मोठा व्होल्टेज लॉगरला झेपेल इतका कमी करून देणारा भाग) हवाच, आणि जोडणी वायरमनकडून, सप्लाय बंद करून.

मिनिटाला एक नोंद धरली तर आठवड्याच्या १०,०८० होतात, मेमरी तेवढी बघून घे. मोटर सुरू होतानाचा दोन सेकंदांचा डिप (व्होल्टेजची घसरण) त्यात सापडेलच असं नाही. त्यासाठी दोन नोंदींमधलं मिनिमम-मॅक्सिमम (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त माप) नोंदवणारा लॉगर बघ.